निचऱ्याचा एरर कोड पुन्हा पुन्हा येतो. कोडवरून नेमका बिघाड ओळखता येतो का?

प्रश्न

आमच्याकडे समोरून कपडे घालायचे, ७ किलो क्षमतेचे वॉशिंग मशीन आहे आणि ते सहा वर्षे विनातक्रार चालले. गेल्या तीन आठवड्यांत मात्र कपडे विसळून झाले की पिळण्याची फेरी सुरू होण्याआधीच ते थांबते, ड्रममध्ये पाणी तसेच राहते आणि पडद्यावर एरर कोड झळकू लागतो. माहितीपुस्तिकेत त्या कोडपुढे ‘पाण्याचा निचरा होत नाही’ एवढे एकच वाक्य दिले आहे.

खालच्या छोट्या झाकणामागचा फिल्टर मी काढून धुतला. त्यातून एक बटण, केसांची पिन आणि धाग्यांचा गोळा निघाला. त्यानंतर दोन वेळा धुणे व्यवस्थित पार पडले आणि तिसऱ्या वेळी तोच कोड पुन्हा आला. प्लग काढून दहा मिनिटांनी लावला तर कधी पाणी निघून जाते, कधी जात नाही. चादरी किंवा जाड कपडे असले की त्रास अधिक होतो, असे मला वाटते. शिवाय याच काळात दोनदा कपड्यांचा तोल बिघडल्याचा कोडही आला, पण तो आपोआप गेला म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही.

दोन मेकॅनिकना दूरध्वनीवर विचारले. एकाने मशीन न पाहताच पंप बदलावा लागेल असे सांगितले, तर दुसऱ्याने बोर्ड (मशीनचे काम नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी) गेला असणार असे सांगितले. दोन्ही भाग महाग आहेत आणि दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असणे कठीण आहे. एरर कोडवरून नेमका कोणता भाग बिघडला हे समजते का, आणि भाग बदलण्याआधी घरी सुरक्षितपणे काय काय तपासून पाहता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. कोणता भाग बिघडला हे एरर कोड सांगत नाही. जे घडायला हवे होते ते ठरलेल्या वेळात घडलेले मशीनला दिसले नाही, एवढेच तो सांगतो. या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे आणि त्या अंतरातच चांगले पंप आणि चांगले बोर्ड विनाकारण बदलले जातात.

मशीनच्या बोर्डाला पंप दिसत नाही, पाइप दिसत नाही आणि पाणीही थेट दिसत नाही. टबच्या तळाशी हवेची एक छोटी कुपी असते आणि तिच्यातून बारीक रबरी नळी वर पातळीच्या सेन्सरपर्यंत गेलेली असते. टबात पाणी चढले की कुपीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून बोर्ड पाण्याची पातळी ठरवतो. निचऱ्याची वेळ आली की बोर्ड पंपाला वीज देतो, वेळ मोजू लागतो आणि दाब उतरण्याची वाट पाहतो. काही मिनिटांत दाब पुरेसा उतरला नाही तर तो मशीन थांबवतो आणि कोड दाखवतो. आता हा दाब का उतरला नाही याची कारणे पाहा: फिल्टर तुंबलेला असेल, पंपाच्या पंख्यात काही अडकले असेल, निचऱ्याचा पाइप मुडपला असेल, पाइपचे टोक फार उंचावर असेल, भिंतीतला पाइपच तुंबला असेल, टबात फेस झाला असेल, पंपाचे वेटोळे (मोटरमधली तारेची गुंडाळी, कॉइल) जळले असेल, त्याच्या तारेची जोडणी सैल झाली असेल, सेन्सरची नळी साबणाच्या गाळाने बंद झाली असेल, किंवा खरोखरच बोर्ड गेला असेल. यांपैकी कोणतेही एक कारण असले तरी पडद्यावर येणारा कोड तोच असतो. म्हणून ज्याने मशीन न पाहता पंपाचे नाव घेतले, त्याने सर्वांत जास्त वेळा आढळणारे नाव घेतले, निदान केलेले नाही.

कोड वाचण्यातही एक अडचण आहे आणि तिच्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून बहुतेक मशीनमध्ये सात रेघांचा आकडेदर्शक पडदा वापरतात. तो मुळात अंकांसाठी बनलेला आहे. त्यावर इंग्रजी ‘एस’ आणि इंग्रजी पाच अगदी सारखे दिसतात, ‘ओ’ आणि शून्य सारखे दिसतात, ‘आय’ आणि एक सारखे दिसतात. मोठ्या लिपीतला ‘डी’ तर शून्यापासून वेगळा काढताच येत नाही, म्हणून दाराचा कोड नेहमी लहान ‘डी’ने लिहिलेला दिसतो. याचा परिणाम असा की एलजीच्या मशीनवर ‘आयई’ दिसले तर पाणी आत येत नाही असा अर्थ असतो, आणि सॅमसंगच्या जुन्या मशीनवर हुबेहूब तशाच दिसणाऱ्या ‘१ई’चा अर्थ पातळीच्या सेन्सरमध्ये दोष असा असतो. ‘एलई’ हे त्याहून ठळक उदाहरण आहे. एलजीमध्ये तो मोटर अडकल्याचा किंवा फिरत नसल्याचा कोड आहे, तर सॅमसंगच्या जुन्या मशीनमध्ये तीच अक्षरे पाणी गळत असल्याची सूचना देतात. एकाच्या पुस्तिकेतला अर्थ दुसऱ्याच्या मशीनला लावला तर माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

निचऱ्यापुरते सांगायचे तर एलजीमध्ये ‘ओई’, सॅमसंगमध्ये ‘५सी’ आणि त्याआधीच्या मॉडेलांत ‘५ई’, बॉशमध्ये ‘ई१८’ हे कोड आढळतात. पाणी आत न येण्यासाठी हेच अनुक्रमे ‘आयई’, ‘४सी’ किंवा ‘४ई’ आणि ‘ई१७’ असे आहेत. मात्र एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो, म्हणून दाराच्या आत किंवा मागच्या बाजूला लावलेल्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा आणि त्याच क्रमांकाची पुस्तिका पाहावी. आणि पडद्यावर आलेले प्रत्येक अक्षर हा बिघाड नसतो, हेही सांगून ठेवतो. एलजी आणि सॅमसंगच्या अनेक मशीनवर दिसणारे ‘सीएल’ म्हणजे लहान मुलांसाठीचे कुलूप चालू आहे, एवढाच अर्थ असतो.

प्लग काढून लावल्याने बोर्ड नव्याने सुरुवात करतो. क्षणिक गोंधळ असेल तर तेवढ्याने भागते. पण तोच कोड तिसऱ्यांदा आला तर प्लगचा उपाय सोडून कारण शोधायला लागावे. तुमच्या बाबतीत कोड कधी येतो आणि कधी येत नाही, आणि याच काळात तोल बिघडल्याचा कोडही आला, या दोन गोष्टी मला सर्वांत बोलक्या वाटतात. वेटोळे जळलेला पंप सहसा मध्येच बरा होत नाही. बोर्डाची शंका मी सर्वांत शेवटी घेईन.

प्रतिसाद २

वरचे विवेचन योग्य आहे. मी माझ्या आणि नातेवाइकांच्या घरची मशीन बरीच वर्षे स्वतःच दुरुस्त करत आलो आहे, म्हणून प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या क्रमाने तपासले तर पुरावाच नाहीसा होतो.

सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे मशीन जागेवरून हलवू नका. लोक मशीन पुढे ओढतात, मागचा पाइप पाहतात, तो सरळ दिसतो आणि पाइप ठीक आहे असे ठरवून टाकतात. पण पाइप मशीन आणि भिंत यांच्यामध्ये मुडपला असेल, तर मशीन ओढताक्षणीच तो मोड सुटतो. त्यामुळे मशीन जिथे आहे तिथेच ठेवून, दूरध्वनीचा कॅमेरा आणि विजेरी बाजूच्या फटीतून आत घालून पाइपच्या संपूर्ण लांबीचे छायाचित्र घ्या. तुमचे फिल्टर साफ केल्यावर दोन धुणी नीट झाली आणि तिसरे अडले, यावरून मला पाइपचाच संशय येतो. फिल्टर साफ करताना मशीन थोडे पुढे घेतले होते का, हे आठवून पाहावे.

त्यानंतर प्लग काढा. नुसते बटण बंद करून काम करू नका. मशीन गरम पाण्याच्या कार्यक्रमात थांबले असेल तर पाणी निवेपर्यंत थांबा, कारण ६० किंवा ९० अंशांचे पाणी फिल्टरच्या तोंडातून अंगावर आले तर गंभीर भाजते. फिल्टरशेजारी बारीक नळी असेल तर तिचे बूच काढून पाणी थोडे थोडे करून उथळ भांड्यात घ्या. तशी नळी नसेल तर फिल्टर पाऊण वेढा सैल करा, भांडे भरले की पुन्हा आवळा, आणि असे पाणी संपेपर्यंत करा.

फिल्टर बाहेर आल्यावर बहुतेक जण तो धुऊन परत बसवतात आणि तिथेच थांबतात. खरे पाहण्याची जागा फिल्टरच्या मागची पोकळी ही आहे. विजेरीच्या उजेडात तिथे पंपाचा छोटा पंखा दिसेल. आत पिन, टाचणी किंवा काचेचा तुकडा असू शकतो, म्हणून न पाहता बोट घालू नका. लाकडी काडीने पंखा फिरवून पाहा. तो सलग न फिरता अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरला तर घाबरू नका. या पंपांच्या आत कायमचे चुंबक असते आणि त्याच्या ओढीमुळे पंखा असाच फिरतो. पंखा मुळीच फिरत नसेल, किंवा आसावर डुगडुगत असेल आणि कडेला घासत असेल, तर ती खरी अडचण समजावी. पंख्याच्या मुळाशी केस आणि धागे गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने संपूर्ण काढा.

आता मशीनची बाजू आणि घराची बाजू वेगळी करणारी चाचणी करा. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. फिल्टर घट्ट बसवा, निचऱ्याच्या पाइपचे टोक भिंतीतल्या पाइपमधून काढा आणि तेवढ्याच उंचीवर एका मोठ्या बादलीत धरून ठेवा. टबात थोडे पाणी घ्या, प्लग लावा आणि फक्त निचरा व पिळणे हा कार्यक्रम सुरू करा. बादलीत जोरदार धार पडली तर पंप, फिल्टर आणि बोर्ड तिन्ही ठीक आहेत आणि दोष भिंतीतल्या पाइपमध्ये किंवा पाइपच्या बसवणुकीत आहे. धार बारीक असेल तर दोष मशीनच्या बाजूला आहे. बादली भरत आली की कार्यक्रम थांबवायला दुसरे माणूस जवळ असावे.

या चाचणीत आवाजही नीट ऐका. नुसती घरघर होते आणि पाणी हलत नाही, तेव्हा पंखा अडकलेला असतो. खडखड होते तेव्हा आत काहीतरी कडक वस्तू असते किंवा पंख्याचे पाते तुटलेले असते. गुळगुळ आवाज येतो आणि धार तुटक पडते, तेव्हा पंप पाण्याऐवजी हवा किंवा फेस ओढत असतो. काहीच आवाज नसेल तर पंपापर्यंत वीज पोहोचत नाही किंवा त्याचे वेटोळे तुटलेले आहे, आणि पंप बदलण्याचा विचार फक्त तेव्हाच करायचा, तोही तारेची जोडणी तपासून झाल्यावर.

फेसाबद्दल दोन शब्द. हाताने कपडे धुण्याची पावडर समोरून दार असलेल्या मशीनमध्ये घातली की ड्रमच्या आपटण्याने तिचा भरमसाट फेस होतो. पंप पाणी ढकलू शकतो, फेस नीट ढकलू शकत नाही, म्हणून सगळे भाग शाबूत असूनही निचऱ्याचा कोड येतो. अर्धा तास मशीन बंद ठेवल्यावर फेस बसतो आणि पाणी मुकाट्याने निघून जाते. ‘प्लग काढल्यावर बरे झाले’ असे वाटण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

पाइपचे टोक बहुतेक मशीनसाठी जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असावे लागते. ते फार वर असेल तर पंपाची ताकद अपुरी पडते. फार खाली असेल किंवा भिंतीतल्या पाइपमध्ये खोलवर कोंबलेले असेल, तर पाणी भरत असतानाच आपोआप ओढले जाऊन वाहून जाते आणि मग पाणी आत येत नसल्याचा कोड येतो, जरी नळ पूर्ण उघडा असला तरी.

हे सगळे ठीक निघाले तर वरचे झाकण काढून सेन्सरची बारीक नळी पाहावी आणि तिच्यात फुंकर मारून ती मोकळी करावी.

प्रतिसाद ३

दुसऱ्या प्रतिसादातील जवळजवळ सर्व सूचनांशी मी सहमत आहे, पण शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती करणे आवश्यक वाटते. नळी सेन्सरला जोडलेली असताना तिच्यात कधीही फुंकर मारू नये. सेन्सरच्या आत नाजूक पडदा असतो आणि तो काही सेंटिमीटर पाण्याच्या दाबासाठी बनवलेला असतो. माणसाच्या फुंकरीचा दाब त्याहून कितीतरी अधिक असतो. नळी आधी सेन्सरपासून सोडवावी, मग टबाच्या दिशेने हलकेच फुंकावे आणि परत जोडताना ती मुळापर्यंत बसली आहे याची खात्री करावी, कारण तिथे किंचितही हवा गळली तरी पातळीचे मोजमाप चुकते.

मी विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून कुठे थांबावे हेही लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. फिल्टर, पाइप, जाळ्या, पाय आणि साबण या गोष्टी घरी कोणीही हाताळाव्यात. झाकण उघडावे लागते तिथून पुढे मात्र ज्ञान आणि साधने दोन्ही लागतात. इन्व्हर्टर मोटर असलेल्या मशीनच्या बोर्डावर २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यापासून सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश (डीसी) विद्युतदाब तयार होतो आणि तो साठवणारे कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही काळ भारित राहतात. प्लग काढला म्हणजे बोर्डाला हात लावणे सुरक्षित झाले, हा समज धोक्याचा आहे.

पाणी गरम न होण्याचा कोड, तापमानाच्या सेन्सरचा कोड आणि मोटरचा कोड यांत मल्टिमीटरशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. २००० वॅटचा २३० व्होल्टचा हीटर चांगला असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये साधारण २६ ओहम रोध मिळतो. पण तेवढा मिळाला तरी हीटरमधून मशीनच्या अंगाकडे वीज झिरपत नाही ना, हे वेगळे तपासावे लागते. मशीन सुरू केल्यावर किंवा पाणी तापू लागल्यावर घरातील वीजगळती-संरक्षक स्विच (आरसीसीबी) पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करून मशीन चालवण्याचा प्रयत्न कृपया करू नका. तो स्विच तुमचा जीव वाचवत असतो.

पाणी गळतीच्या कोडबाबतही हेच सांगेन. बॉशच्या ज्या मशीनमध्ये ‘ई२३’ येतो, त्यांत तळाच्या तबकात पाणी साचून तरंगता स्विच उचललेला असतो. मशीन तिरके करून तबकातले पाणी ओतून दिले की कोड जातो आणि लोक निश्चिंत होतात, पण पाणी तबकात आले कुठून हे शोधलेलेच नसते. अशा वेळी नळ बंद ठेवून दाराचे रबर, साबणाचा कप्पा आणि आतील पाइपांचे सांधे पाहून घ्यावेत.

दाराबद्दल एकच सूचना आहे. अनेक मशीनच्या दाराच्या कुलपात विजेने तापणारी दुपदरी धातूची पट्टी असते आणि ती निवल्यावरच कुलूप सुटते. म्हणून वीज गेल्यावर किंवा कार्यक्रम संपल्यावर एक-दोन मिनिटे दार उघडत नाही. तेवढा वेळ थांबावे. हिसका मारून मुठीचा आकडा तुटला की पुढे कायमचा दाराचा कोड पाठीस लागतो.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

तिघांनीही इतक्या तपशिलाने उत्तरे दिली याबद्दल मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी सांगितलेल्या क्रमाने सगळे केले.

मशीन न हलवता फटीतून छायाचित्र घेतले आणि पहिल्याच छायाचित्रात निचऱ्याचा पाइप मशीनची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये चपटा झालेला स्पष्ट दिसला. फिल्टर काढताना मी मशीन खरोखरच वीतभर पुढे घेतले होते आणि नंतर परत ढकलले होते, हे मला त्या प्रश्नामुळे आठवले. मग मशीन पुढे घेतले तेव्हा मोड खरोखरच सुटला, मात्र पाइपवर पांढरट वळ उरला आहे. बादलीच्या चाचणीत जोरदार धार पडली. पंखा अडखळत पण मोकळा फिरतो आणि त्याच्या मुळाशी गुंडाळलेले केस होते, ते काढले.

पण एक गोष्ट समजत नाही. मी मशीन ढकलले ते फिल्टर काढल्यानंतर, आणि कोड तर त्याआधीपासून येत होता. खाली वाकून पाहिले तेव्हा पुढचा उजवा पाय हाताने सहज फिरत होता, आणि फरशीवरच्या खुणांवरून मशीन आधीच्या जागेपासून तीन-चार बोटे मागे सरकलेले दिसले. या दोन गोष्टींचा संबंध आहे का, आणि वळ पडलेला पाइप तसाच वापरला तर चालेल का?

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचे उत्तर

संबंध आहे, आणि तुम्ही सुरुवातीला ज्याकडे लक्ष दिले नाही म्हणून लिहिले होते तो तोल बिघडल्याचा कोड इथे उपयोगी पडतो. पायाचा नट सैल झाल्यामुळे मशीन तीन पायांवर उभे राहिले. पिळताना ते हादरू लागले आणि प्रत्येक फेरीत थोडे थोडे मागे सरकले. जाड कपडे असले की हादरा मोठा, म्हणून त्या दिवशी सरकणेही अधिक. मागे सरकत सरकत त्याने स्वतःचाच पाइप भिंतीवर दाबला. तुम्ही ते पुढे घेतले तेव्हा मोड सुटला, परत ढकलले आणि पाय तसाच सैल राहिला, म्हणून दोन धुण्यांनंतर तेच पुन्हा घडले. फिल्टरमधल्या वस्तूंनी त्यात भर घातली असेल, पण मूळ कारण त्या उजव्या पायात आहे.

पाय बसवताना आधी मशीनच्या वरच्या बाजूवर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पाहा. मग तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे तळहाताने आळीपाळीने दाबा. कोणत्याही कोपऱ्यावर मशीन डुलले तर त्या कोपऱ्याचा पाय फरशीला टेकेपर्यंत खाली आणा. उंची जुळल्यावर प्रत्येक पायावरचा आडनट (पाय फिरू न देणारा नट) वरच्या दिशेला, मशीनच्या तळाला घट्ट भिडेपर्यंत पान्ह्याने आवळा. बहुतेक ठिकाणी हीच पायरी राहून जाते. पाय जुळवला जातो, आडनट सैलच राहतो आणि काही महिन्यांत पाय आपोआप फिरून वर जातो. पायांखाली मऊ चटई घालून हादरा कमी होईल असे अनेकांना वाटते, पण मऊ आधारावर मशीन अधिकच डोलते. कठीण आणि सपाट जमीन सर्वांत चांगली.

वळ पडलेला पाइप बदलून टाका. एकदा मोडलेली जागा पुढच्या वेळी थोड्याशा दाबानेही मिटते. नवा पाइप मूळ पाइपच्याच लांबीचा घ्या, कारण जोड देऊन लांबवलेल्या पाइपमध्ये पंपाला अधिक जोर लावावा लागतो आणि जोडाच्या जागी धागे साचतात.

तोल बिघडल्याच्या कोडची कारणे मशीनमध्येच असतात असेही नाही. पिळण्याआधी मशीन ड्रम सावकाश फिरवते आणि मोटरच्या गतीत होणाऱ्या चढउतारांवरून भार एका बाजूला गोळा झाला आहे का ते ओळखते. तसे आढळले तर ते ड्रम उलटसुलट फिरवून कपडे पसरवायचा प्रयत्न अनेकदा करते आणि शेवटी नाइलाजाने कोड दाखवते. एकटीच जाड चादर धुवायला टाकली तर ती पाणी पिऊन एका बाजूला लोंबते आणि तिला तोलणारे दुसरे काही नसते. तिच्यासोबत दोन-तीन टॉवेल टाकले की काम होते.

आणखी एका वाचकाची पृच्छा

या चर्चेतून पुष्कळ शिकायला मिळाले. आमच्या मशीनवर मात्र पाणी आत येत नसल्याचा कोड येतो, तोही फक्त सकाळी. त्याच नळाला पाणी येताना दिसते, तरी मशीनला ते का मिळत नाही?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे उत्तर

इथेही बोर्डाला काय दिसते तेच पाहावे लागेल. बोर्ड पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठरलेल्या वेळात पातळी चढण्याची वाट पाहतो. नळाला पाणी असणे आणि त्याला पुरेसा दाब असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ बार (बार हे दाबाचे एकक) दाब मिळतो, म्हणून टाकी मशीनपासून फक्त ३ मीटर वर असेल तर दाब ०.३ बारच्या आसपासच राहतो, आणि अनेक मशीनची किमान गरजच तेवढी किंवा त्याहून अधिक असते. सकाळी घरातले इतर नळ सुरू असताना तोही घटतो. त्यामुळे एकदा दुपारी आणि एकदा सकाळी एक बादली भरायला किती वेळ लागतो हे मोजून पाहा. फरक मोठा असेल तर मशीनमध्ये दोष नाही. धुण्याची वेळ बदलून पाहावी आणि पुस्तिकेतील किमान दाबाचा आकडा तपासावा.

वेळेत फरक नसेल तर नळ बंद करून पाइपचा आटा मशीनच्या बाजूने सोडवा. तोंडाशी बोटाच्या टोकाएवढी बारीक जाळी दिसेल, ती पकडीने सरळ बाहेर ओढा आणि जुन्या दातघासणीने धुवा. गाळ आणि क्षार यांनी ती अर्धी बुजली तरी कमी दाबाच्या वेळी पाणी अपुरे पडते आणि जास्त दाबाच्या वेळी चालून जाते, म्हणून कोड विशिष्ट वेळीच दिसतो. गरम आणि थंड अशा दोन पाइपांचे मशीन असेल तर दोन्ही नळ उघडे आहेत ना, हेही पाहा.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

आज बारा दिवस झाले. चारही पाय पाणसळीने जुळवले, आडनट आवळले आणि निचऱ्याचा पाइप त्याच लांबीचा नवा बसवला. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा ठेवली असून फरशीवर पुढच्या पायांभोवती खडूने खूण केली आहे. या काळात नऊ वेळा धुणे झाले, त्यांत दोनदा जाड चादरी होत्या. निचऱ्याचा कोड एकदाही आला नाही. मशीन खडूच्या खुणेवरून हललेले नाही.

एकदा एकटे पांघरूण टाकले तेव्हा तोल बिघडल्याचा कोड आला होता. दार उघडून त्यात दोन टॉवेल घातले आणि फक्त पिळण्याची फेरी पुन्हा लावली, ती पूर्ण झाली.